दुष्काळाची चौकशी कशी करावी

दात्याचें द्रव्य खऱ्या गरजूस पोंचणें हें चौकशीवर अवलंबून असतें. १८७६-७७ सालच्या दुष्काळांत पुणें सार्वजनिक सभेनें गांवोगांवची हकीकत मिळवून ती सरकारास कळविली.

चावडीवर पाटील व सावकार यांच्या समक्ष “खावयास आहे काय?” असें विचारिल्यास अब्रूदार कुणबी “आहे” म्हणतो, व ऋणको गप्प बसतो. यास्तव घरीं जाऊन एकेकट्याशीं बोलावें. मदतीचें वचन आधीं देऊं नये. त्यानें उत्तर बदलतें. “काल सांजेस काय शिजविलें? बैल कधीं विकले, काय किंमतीस? भांडीं कोठें गहाण आहेत?” असें विचारावें, आणि उत्तर पुरें होईपर्यंत मध्यें बोलूं नये. स्त्रियांस स्त्रीनेंच विचारावें. मग मोकळी दावण व रिकामी कणगी डोळ्यांनीं पाहून वाण्याच्या वहीशीं ताळा घ्यावा.

व्यापारी बंधूंनो, कीर्द व खतावणी जुळल्याविना आपण शिल्लक खरी मानीत नाहीं. येथेंही तोच न्याय. न मागणारा उपाशी मनुष्य यादींतून सुटला, तर ती चूक मागाहून दुरुस्त होत नाहीं. म्हणून धान्याबरोबर या चौकशीच्या खर्चासही आपण हातभार लावावा, ही विनंति.