दोन बोटं सरकवा, रेंज आणा!

लॅपटॉपवर वायफायच्या रेघा कधी पूर्ण भरतात, कधी एकच उरते, आणि व्हिडिओ आपला गरगरतोय! घरातून हमखास सल्ला येतो, "राउटर बंद करून चालू कर!" करा नंतर. आधी लॅपटॉप दोन बोटं डावीकडे सरकवा. फरक नाही? मग उजवीकडे, नाहीतर थोडा पुढे. पुष्कळदा तेवढ्यानेच व्हिडिओ पळू लागतो.

असं कसं?

समजा, तुम्ही ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये राहता. या कारखान्यांच्या वसाहतीत आज किसननगरच्या दाट इमारती आहेत, पत्र्याच्या शेड आहेत आणि काचेच्या आयटी कंपन्याही. आता पत्रा, लोखंडी कपाट, स्लॅबमधल्या सळया, असं काही धातूचं आडवं आलं की वायफायच्या लहरी त्यावर आपटून परत फिरतात.

रिकाम्या शेडमध्ये ओरडून बघितलंय का कधी? आपलाच आवाज चहूकडून अंगावर येतो. राउटरच्या लहरींचंही तसंच. एक लहर सरळ लॅपटॉपकडे येते, दुसरी कपाटावर आपटून, तिसरी समोरच्या पत्र्यावरून. एकीचा उंचवटा आणि दुसरीचा खळगा नेमके एकाच जागी आले, की दोघी एकमेकींना पुसून टाकतात. ती झाली मुकी जागा!

नेहमीच्या २.४ गिगाहर्ट्‌झ वायफायची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांब असते. समोरासमोरून येणाऱ्या लहरींमध्ये मुकी जागा दर सहा सेंटिमीटरला येते, आणि दोन मुक्या जागांच्या मधोमध जोरदार जागा असते. म्हणजे फक्त तीन सेंटिमीटरवर. झाली की दोन बोटं! खऱ्या खोलीत लहरी दहा बाजूंनी येतात, म्हणून थोडं चाचपडावं लागतं. आणखी एक गंमत म्हणजे बहुतेक लॅपटॉपचा अँटेना पडद्याच्या कडेला लपवलेला असतो. त्यामुळे पडदा जरा मागे झुकवला तरी अँटेना सरकतो.

पण परतलेल्या लहरी आणखीही एक खोडी काढतात. त्या उशिरा पोचतात, आणि आधीच्या माहितीचा शेपटा पुढच्या माहितीत मिसळतो. यावरचा एक नामी उपाय ऑस्ट्रेलियाच्या जॉन ओ'सलिव्हन आणि त्यांच्या सोबत्यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला काढला. हे ओ'सलिव्हन मूळचे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ. स्फोट होणारी इवली कृष्णविवरं शोधायला निघाले होते! ती काही सापडली नाहीत. पण अंधुक, विस्कटलेले संकेत निवडून काढायचं जे गणित त्यांनी हाताळलं होतं, ते वायफायच्या कामी आलं. उपाय असा: माहिती एका दमात धाडायची नाही, तिचे बरेच संथ प्रवाह करून शेजारी-शेजारी सोडायचे. १९९९च्या एका वायफाय प्रकारात असे ५२ प्रवाह होते, आणि दर तुकड्याआधी ०.८ मायक्रोसेकंदाची मोकळी फट. उशिरा आलेल्या लहरींनी त्या फटीत विरून जायचं. एवढ्याशा वेळात लहर २४० मीटर धावते, म्हणजे मोठ्या शेडमध्येही आपटून यायला पुरेसा वेळ!

सरकवूनही भागलं नाही तर शेजारच्या वायफायची गर्दी तपासा. भारतात २.४ गिगाहर्ट्‌झला १३ चॅनेल आहेत, पण एकमेकांच्या अंगावर न चढणारे तीनच धरतात: १, ६ आणि ११. शेजाऱ्यांचे सगळे राउटर ६ वर असतील, तर आईबाबांना सांगून आपला ११ वर न्या. त्याहून बरं म्हणजे ५ गिगाहर्ट्‌झ. तिथे गर्दी कमी असते, पण भिंतीपलीकडे त्याचा जोर लवकर ओसरतो. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४ गिगाहर्ट्‌झच्याच आसपास चालतो, तेव्हा पोळी गरम होताना व्हिडिओ अडला तर राउटरला बोल लावू नका. यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लॅपटॉपला अगदी चिकटून असेल तर तीही या लहरींत खरखर घालते. लांब वायरीने दूर ठेवा.

आणि तरीही अडलंच, तर लॅपटॉपला राउटरची वायर थेट जोडा. आता सुरळीत चाललं, तर भांडण हवेतलंच आहे, पुन्हा दोन बोटांपासून सुरुवात करा. वायर लावूनही अडखळलं, तर नेटवाल्या काकांना फोन लावा.