‘वयाचं आहे’ या उत्तराच्या पुढे

पाळी जाताना अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने कपडे भिजतात, झोप मोडते. या तक्रारींवर पिढ्यानपिढ्या एकच उत्तर मिळत आलं: वयाचं आहे, चालायचंच. १९६६ साली अमेरिकेत डॉ. रॉबर्ट विल्सन यांच्या ‘फेमिनिन फॉरएव्हर’ या पुस्तकाने दुसरं टोक गाठलं. रजोनिवृत्ती आजार ठरली, इस्ट्रोजेनची गोळी तारुण्याची हमी. ती हृदयालाही जपते, हा समज पुढे रुजला. पण मोठ्या चाचणीचा आधार त्याला नव्हता.

तो शोधायला सुरुवात केली बर्नाडिन हीली यांनी. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या या पहिल्या महिला संचालकांनी १९९१मध्ये ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ हा संशोधन प्रकल्प हाती घेतला. ५० ते ७९ वयाच्या १,६१,८०८ स्त्रिया त्यात सहभागी झाल्या. जुलै २००२मध्ये त्यातली इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन या हार्मोनांच्या एकत्रित गोळीची चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे ८ आणि पक्षाघाताचे ८ रुग्ण जास्त निघाले. खुब्याचं हाड मोडलेले रुग्ण मात्र ५ने कमी निघाले. घाबरून असंख्य स्त्रियांनी गोळ्या सोडल्या.

याच प्रकल्पातल्या संशोधक जोअ‍ॅन मॅन्सन आकड्यांकडे पुन्हा पुन्हा वळल्या. चाचणीतल्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं. पन्नाशीत, पाळी गेल्यावर लगेच उपचार घेणारीचा हिशेब वेगळा असतो, हे त्यांनी सहकाऱ्यांसह मांडलं. १८ वर्षांच्या पाठपुराव्यात एकूण मृत्यू वाढलेले दिसले नाहीत, हा निष्कर्ष २०१७मध्ये आला.

पण वाफा येतात कशामुळे? संशोधक नेओमी रान्स सूक्ष्मदर्शकाखाली मृत्यूनंतर मिळालेल्या मेंदूंचे काप पाहत होत्या. पाळी गेलेल्या स्त्रियांच्या मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागातल्या काही चेतापेशी फुगलेल्या होत्या. १९९०मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. या पेशी न्यूरोकायनिन-बी हे रसायन बनवतात, हे पुढच्याच वर्षी दाखवलं. इस्ट्रोजेनचा लगाम सुटला की त्या उतू जातात. हे उंदरांवर तपासता आलं, कारण उंदीर शेपटीवाटे अंगातली उष्णता बाहेर टाकतो. अ‍ॅरिझोना विद्यापीठात रान्स यांच्या चमूने उंदरांमधल्या या पेशी निकामी केल्या, तेव्हा शेपटीच्या कातडीचं तापमान उतरलं. वाफांचा या पेशींशी असलेला संबंध पक्का होत गेला.

न्यूरोकायनिन-बीचा मार्ग अडवणाऱ्या फेझोलिनेटंट या हार्मोनविरहित औषधाला मे २०२३मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ते घेताना यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात, म्हणजे तेही सरसकट सगळ्यांना देता येत नाही.

फुगलेल्या पेशी दिसल्यापासून गोळी येईपर्यंत ३३ वर्षं गेली. या काळातली खरी कमाई औषधाहून मोठी आहे. बाईच्या तक्रारीला मेंदूत जागा आहे, कारण आहे, तिच्यावर उपाय आहेत आणि त्यांचे धोके मोजता येतात, हे आता सिद्ध झालं आहे. म्हणून दवाखान्यात कुणी वाफांबद्दल सांगितलं, तर तिचं वय, इतर आजार आणि घरातला कर्करोगाचा इतिहास विचारणं हे डॉक्टरांचं कर्तव्य आहे. नुसतं ‘वयाचं आहे’ म्हणून तिला परत पाठवायला आता कुणालाच सबब उरलेली नाही.