कुंपणावरची बोगनवेल कुंडीत

धाराशिव, तुळजापूर किंवा उमरग्यात जुने घर पाडून नवे बांधायला घेतले, की अंगणातली झुडपे आधी जातात. वीस वर्षांची बोगनवेल, डाळिंब, कुंती जेसीबीच्या एका फटक्यात उपटली जाते. बोन्सायसाठी खरे तर हीच झाडे मोलाची. त्यांच्यासारखे जाड, पीळदार खोड लहान कुंडीत तयार व्हायला कित्येक वर्षे जातात.

बोन्साय म्हणजे झाडाला उपाशी ठेवणे, हा गैरसमज आहे. शेंड्यात तयार होणारे ऑक्झिन हे संप्रेरक खालच्या डोळ्यांची वाढ रोखते. शेंडा खुडला की बाजूचे डोळे फुटतात आणि झाड दाट होते. झाडाची जनुके बदलत नाहीत. तेच झाड जमिनीत लावले तर पुन्हा मोठे होते.

झुडूप काढायला पावसाळ्याची सुरुवात उत्तम. आधी फांद्या छाटाव्यात, कारण तुटलेली मुळे सगळ्या पानांना पाणी पुरवू शकत नाहीत. सोटमूळ धारदार करवतीने कापावे, तंतुमुळे मात्र जपावीत. पाणी मुख्यतः तीच शोषतात. मुळे ओल्या गोणपाटात गुंडाळून आणावीत. निव्वळ काळी माती कुंडीत चिकट होते, मुळांना हवा मिळत नाही. म्हणून विटांचे बारीक तुकडे, जाड वाळू आणि शेणखत मिसळावे. पहिले वर्षभर खोल कुंडीच बरी.

बोगनवेलीला लवकर फुटवे आले म्हणून हुरळून जाऊ नये. खोडातल्या साठ्यावरही पाने फुटतात, मुळे मागाहून येतात. तोवर कुंडी हलवू नये, खत देऊ नये. पाने गळाली तर साल किंचित खरवडावी. आत हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात उथळ कुंडी काही तासांत कोरडी पडते. दुपारची सावली आणि सकाळ-संध्याकाळ ओलाव्याची तपासणी हवीच. कुंडीखालच्या ताटलीतले पाणी मात्र आठवड्यातून एकदा तरी ओतून ताटली घासावी. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच पाण्यात वाढतो आणि त्याची अंडी कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात. कण्हेर आणि अडेनियमचा चीक विषारी असतो. छाटणीनंतर हात धुवावेत, कुंड्या मुलांपासून दूर ठेवाव्यात.

येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यातून झाड उपटणे हा 1972 च्या वन्यजीव कायद्यानुसार गुन्हा आहे. मोडायला काढलेले अंगण किंवा कुंपण पाहावे आणि मालकाला विचारूनच कुदळ लावावी.