युद्धवैमानिकाच्या आठवणी

गोदाकाठच्या पटांगणावर संध्याकाळचे व्याख्यान रंगात आलेले असते आणि मध्येच ओझरच्या बाजूने विमानाचा गडगडाट येतो. वक्ता क्षणभर थांबतो, श्रोते मान वर करतात, आवाज विरतो आणि विषय पुढे सुरू होतो. नाशिककरांना या आवाजाचे नवल राहिलेले नाही. १९६४ साली ओझरला विमानांचा कारखाना निघाला. तिथे बांधलेली मिग विमाने या शहरातल्या कितीतरी घरांची भाकरी झाली. मात्र त्या विमानात बसून जो लढाईला गेला, त्याला तिथे काय दिसले, काय वाटले, आणि पुढे म्हातारपणी तो हे लिहावयास बसला तर त्याचे काय होते, याविषयी आपण फारसा विचार केलेला नसतो. आज तो करावा असे आम्हाला वाटले.

पहिली गोष्ट वेळेची. पायदळातला शिपाई एखादा डोंगर लढवतो तेव्हा ती लढाई दिवस दिवस चालते. जमीन त्याच्या पायाखालची असते. पुढे आयुष्यभर तो त्या डोंगराचा नकाशा काढून दाखवील. वैमानिकाचे तसे नाही. ताशी नऊशे किलोमीटर वेगाने जाणारे विमान एका मिनिटात पंधरा किलोमीटर तोडते. म्हणजे नाशिकहून ओझर गाठायला दीड मिनिटही पुरे. उड्डाण पाऊण तासाचे असेल, पण प्रत्यक्ष झुंज एकदोन मिनिटांची. तेवढ्यात मान वळवून शत्रू शोधायचा, आपला जोडीदार कुठे आहे ते पाहायचे, इंधनाच्या काट्यावर नजर ठेवायची आणि गोळीही झाडायची. एवढ्या गर्दीत स्मृतीला बसायला जागा कुठली?

दुसरी गोष्ट शरीराची. विमान झपाट्याने वळवले की वैमानिकाचे वजन वाढते. सत्तर किलोचा माणूस सहापट भाराच्या वळणात चारशे वीस किलोचा होतो. हात उचलणे जड जाते, डोक्यातले रक्त पायांकडे ओढले जाते. आधी रंग फिके पडतात, मग नजरेच्या कडा काळवंडतात, आणि बोगद्यातून पाहावे तसे समोरचे तेवढे दिसते. म्हणून वैमानिक पाय आणि पोट आवळून धरणारा हवेचा पोशाख घालतात. भार सहन झाला नाही तर शुद्ध जाते, आणि गंमत अशी की शुद्धीवर आल्यावर आपण बेशुद्ध पडलो होतो हेच पुष्कळांना आठवत नाही. तेव्हा एखाद्या वैमानिकाच्या गोष्टीत चार सेकंदांचे भगदाड पडले, तर तो काही लपवतो आहे असे लगेच मानू नये.

याचा परिणाम काय होतो, याचे प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडचे आहे. १५ सप्टेंबर १९४० या दिवशी जर्मनीची १८५ विमाने पाडल्याचे ब्रिटिशांनी जाहीर केले. युद्धानंतर जर्मन दप्तरे पाहिली तेव्हा खरा आकडा सुमारे साठ निघाला. आपले वैमानिक खोटे बोलत होते काय? मुळीच नाही. एकाच धूर सोडणाऱ्या विमानावर तिघांनी गोळ्या झाडल्या, ते कोसळताना तिघांनी पाहिले, आणि तिघांनीही प्रामाणिकपणे आपापल्या नावावर लिहिले. म्हणूनच बंदुकीबरोबर चालणारे कॅमेरे आले, आणि उतरल्याबरोबर वैमानिकाला टेबलापाशी बसवून गुप्तवार्ता अधिकाऱ्याने प्रश्न विचारण्याची पद्धत पक्की झाली. चहाचा पेला हातात येण्यापूर्वी जे सांगितले गेले ते एक, आणि रात्री मेसमध्ये रंगले ते दुसरे.

वैमानिकाजवळ आणखी एक साक्षीदार असतो: त्याची उड्डाणवही, म्हणजे लॉगबुक. तारीख, विमानाचा प्रकार आणि क्रमांक, कामगिरी, वेळ. एका उड्डाणाला एक ओळ, आणि महिन्याच्या शेवटी वरिष्ठाची सही. आमच्या परिचयाच्या एका निवृत्त अधिकाऱ्याने आपली वही एकदा आम्हाला दाखवली होती. डिसेंबर १९७१च्या पानावर एका ओळीशी त्यांचे बोट थांबले. ओळीत चाळीस मिनिटे लिहिली होती, बाकी काही नाही. त्या दिवशी दोघे गेले आणि एकटे परत आले, एवढेच ते म्हणाले आणि पान उलटले. पुढे दोनतीनदा तीच हकीकत त्यांच्या तोंडून ऐकली. दर वेळी ढगांची उंची बदलली, दिशा बदलली. चाळीस मिनिटे मात्र कायम राहिली. आठवणी लिहिणाऱ्याने वही उशाशी घेऊन बसावे ते यासाठी.

लिहावे केव्हा, हाही प्रश्नच आहे. रिचर्ड हिलरी हा ब्रिटिश हवाई दलातला वैमानिक सप्टेंबर १९४०मध्ये भाजून समुद्रात पडला, पुढे त्याने ‘द लास्ट एनिमी’ हे पुस्तक लिहिले, ते १९४२ साली निघाले, आणि जानेवारी १९४३मध्ये पुन्हा विमानात बसून तो मेला. वय तेवीस. त्याच्या पुस्तकात जखम ओली आहे. याच्या अगदी उलट टोकाला आपले एअर चीफ मार्शल हृषीकेश मूळगावकर. १९२० साली मुंबईत जन्म, १९४०मध्ये हवाई दलात प्रवेश, ब्रह्मदेशची आघाडी, मग १९४७-४८च्या काश्मीर युद्धातील कामगिरीबद्दल महावीर चक्र, आणि १९७६ ते १९७८ हवाई दलाचे प्रमुखपद. त्यांचे ‘लीडिंग फ्रॉम द कॉकपिट’ हे इंग्रजी पुस्तक आले तेव्हा ते नव्वदीच्या घरात होते. एप्रिल २०१५मध्ये ते वारले. साठ वर्षांनी मागे पाहणाऱ्याला भीती कमी आठवते आणि माणसे अधिक आठवतात. दोन्ही पुस्तके खरी. फक्त त्यांचे खरेपण निरनिराळे. आणि फार थांबण्यातला धोका काय तो एअर चीफ मार्शल प्र. चं. लाल यांच्या उदाहरणात दिसतो. १९७१च्या युद्धात ते हवाई दलाचे प्रमुख. १९८२ साली गेले, आणि त्यांच्या आठवणींचे पुस्तक १९८६ साली, त्यांच्या पश्चात निघाले.

एकच घटना अनेकांनी सांगितली म्हणजे वाचकाचे भाग्य. दिलीप परुळकर यांचे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे. १९६५च्या युद्धात विमानाला गोळी लागून खांदा जखमी झाला असताना, उडी मारण्याचा सल्ला न मानता त्यांनी हंटर विमान परत आणले होते. १० डिसेंबर १९७१ला त्यांचे सुखोई-७ पडले आणि ते रावळपिंडीच्या छावणीत युद्धकैदी झाले. ऑगस्ट १९७२मध्ये ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या सोबत्यांसह त्यांनी खोलीची भिंत कोरली आणि पावसाळी रात्री ते निसटले. बसने पेशावर, तेथून लंडीकोतल. पुढे अफगाण सरहद्द जेमतेम चार मैलांवर. नकाशात लंडीखाना हे रेल्वे स्टेशन दिसत होते, म्हणून त्यांनी तिकडची वाट विचारली. पण तिथली गाडी १९३२ सालीच बंद झालेली! जिथे चाळीस वर्षांत कोणी गाडीने गेले नाही ते ठिकाण विचारणारे हे कोण, असा स्थानिक माणसाला संशय आला आणि तिघे पकडले गेले. छावणीचा पूर्वीचा प्रमुख पाकिस्तानी अधिकारी उस्मान हमीद याच्याशी संपर्क साधण्याचा आग्रह परुळकरांनी धरला, त्यामुळे जीव वाचला. १ डिसेंबर १९७२ला सर्व कैदी वाघा सरहद्दीवरून परत आले. परुळकर ऑगस्ट २०२५मध्ये वारले.

या हकिकतीवर फेथ जॉन्स्टन या कॅनडातील लेखिकेने पुस्तक लिहिले. त्याच छावणीतले सहकैदी धीरेंद्र जाफा यांनी आपल्या आठवणी स्वतंत्रपणे लिहिल्या. जो निसटला त्याला भिंतीपलीकडची रात्र आठवते. जो मागे राहिला त्याला दुसऱ्या दिवशीची हजेरी. दोन्ही शेजारी ठेवून वाचावे.

इथवर जे सांगितले ते वाचनाच्या कसरतीसारखे वाटेल. परंतु काही घरांत अशा आठवणींवर फार मोठे ओझे असते. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे ५ डिसेंबर १९७१ला शोरकोटच्या हल्ल्यात पडले. त्याच सुमारास एका पाकिस्तानी वर्तमानपत्राने पकडलेल्या वैमानिकांची नावे छापली, त्यांत त्यांच्या नावाशी मिळतेजुळते एक नाव होते. युद्धकैदी परतले, पण ते आले नाहीत. त्या युद्धातील चोपन्न बेपत्ता भारतीयांच्या यादीत त्यांचे नाव आहे. असे कैदी आपल्याकडे नाहीत असे पाकिस्तान सांगत आले. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे, बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, यांनी पुढची सारी वर्षे शोधात घालवली. २००७ साली काही नातेवाइकांना पाकिस्तानातील तुरुंग पाहू देण्यात आले. हाती काही लागले नाही.

आता विचार करा. एखादा निवृत्त वैमानिक आपल्या पुस्तकात सहज लिहून जातो की अमक्याची छत्री उघडलेली मी पाहिली. वर्णनाला शोभा म्हणून त्याने ते लिहिले असेल, किंवा ते दुसऱ्या दिवशीच्या दुसऱ्याच विमानाचे असेल. वाचणाऱ्या एका घरात मात्र त्या एका वाक्यावर पुढची दहा वर्षे निघतात. उलट, खरोखर पाहिले असताना नको ती झंझट म्हणून कोणी ते गाळले, तर तेही तितकेच निष्ठुर. म्हणून काय पाहिले, काय ऐकले आणि काय मागाहून जुळवले, हे तीन शाईंनी लिहावे तसे वेगळे ठेवणारा लेखक आम्हाला अलंकारिक लेखकाहून मोठा वाटतो. ‘मला नक्की आठवत नाही’ हे वाक्य ज्या युद्धपुस्तकात एकदाही नाही, ते आम्ही जरा जपूनच वाचतो.

आणखी एक उणीव या पुस्तकांत जाणवते, आणि ती नाशिकात बोलली नाही तर कुठे बोलायची? कॉकपिटमधला माणूस लिहितो. शिडी काढून घेणारा, पहाटे थंडीत दारूगोळा चढवणारा, विमान परत येईपर्यंत धावपट्टीकडे पाहत उभा राहणारा लिहीत नाही. मिग-२१ विमाने सप्टेंबर २०२५मध्ये हवाई दलातून निवृत्त झाली. ती जोडणारे, त्यांची इंजिने उघडून पाहणारे हात आजही सिडको-सातपूरच्या चाळींतून आणि बंगल्यांतून आहेत. त्यांच्याजवळ लॉगबुक नाही, पण कामाच्या डायऱ्या आहेत, पाळीचे कागद आहेत, एखादा फोटो आहे. वैमानिकांनी बहुधा इंग्रजीत लिहिले, कारण त्यांची नोकरीची भाषा ती. या मंडळींना ते बंधन नाही. वर सांगितलेले ते अधिकारी गेल्यावर त्यांची वही रद्दीच्या गठ्ठ्यातून मुलीने बाहेर काढली. डिसेंबरच्या त्या ओळीपुढे समासात, मागाहून कधीतरी, पेन्सिलीने त्यांनी जोडीदाराचे नाव लिहिलेले तिला आढळले.