जपानी पाहुण्यांशी बोलाल का जी?

बालमित्रांनो, आमच्या भंडारा जिल्ह्यात पवनीजवळ रुयाड नावाचं गाव आहे. तिथल्या महासमाधीभूमी महास्तूपाच्या सोहळ्याला जपानहून पाहुणे येतात. समजा, त्यातले एक पाहुणे तुमच्यासमोर येऊन उभे राहिले, तर काय बोलाल? लाजून पळून जाल ना!

गाडीवाटची मुलं मात्र पळणार नाहीत. छत्रपती संभाजीनगरजवळच्या या गावातल्या जिल्हा परिषद शाळेने २०१९ साली मुलांना विचारलं, ‘कोणती परदेशी भाषा शिकाल?’ यंत्रमानवांचं वेड असलेली मुलं म्हणाली, ‘जपानी!’ शिकवणार कोण? गुरुजींनी इंटरनेटवरचे व्हिडिओ आणि भाषांतराचं ॲप हाताशी धरलं. २०२० मध्ये शहरातले एक जपानी जाणणारे गृहस्थ ऑनलाइन तास घेऊ लागले. पण घरोघरी स्मार्टफोन कुठले? मग ज्यांना तास ऐकता आला, ती मुलं ‘विषयमित्र’ झाली आणि इतरांना शिकवू लागली.

जपानी वाटते तेवढी परकी नाही बरं का! ‘वाताशी वा गोहान ओ ताबेमास’ म्हणजे ‘मी भात खातो’. वाताशी म्हणजे मी, गोहान म्हणजे भात. आणि क्रियापद? मराठीसारखंच शेवटी!

पण नुसते शब्द पाठ करून भागत नाही. आमच्या झाडीपट्टीत बोलताना आदराने ‘जी’ लावतात, ‘हो जी’, ‘या जी’. जपानी लोक समोरच्याच्या नावापुढे ‘सान’ लावतात. स्वतःच्या नावापुढे मात्र कधीच नाही! तुम्ही बोलत असताना ते मधूनमधून ‘हाय, हाय’ म्हणतील. हे इंग्रजीतलं ‘हाय’ नव्हे. जपानीत ‘हाय’ म्हणजे ‘हो’. पण अशा वेळी ‘पटलं’ असाच त्याचा अर्थ नसतो. ‘ऐकतोय’ असाही असतो. या खुब्या पाठांतराने येत नाहीत. पडद्यावर का होईना, माणसाशी बोलावं लागतं.

आणि हो, फोन लावण्याआधी घड्याळ बघा! जपान आपल्यापुढे साडेतीन तास आहे. आपल्याकडे रात्रीचे ९ वाजतात, तेव्हा तिथे साडेबारा वाजून लोक झोपलेले असतात.

आईबाबांनो, मुलांच्या हाती मोबाईल दिसला की आपण रागावतो. त्यातला अर्धा तास शेजारी बसून त्यांच्याबरोबर एखादी भाषा शिकलात तर? आणि मुलांनो, तुमच्या घरी फोन असेल, तर फोन नसलेल्या मित्रालाही हाक मारा. व्हाल ना त्याचे विषयमित्र?