भुलेच्या जोडीची औषधे आणि रात्रपाळी



आपल्या परळ-लालबागच्या चाळींत ज्याला 'पिशवी काढणे' म्हणतात, त्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेची गोष्ट घरात निघाली की बायाबापड्यांचा पहिला प्रश्न असतो, "भूल कसली देणार?" परळचे वाडिया प्रसूतिगृह आणि के. ई. एम. रुग्णालय, दोन्ही १९२६ सालची. तेव्हापासून भुलेचे शास्त्र पार बदलले आहे. मी डॉक्टर नव्हे. परंतु कामगार संघटनेच्या कामात रुग्णालयांच्या पायऱ्या पुष्कळ झिजवल्या आणि जमेल तसे वाचत गेलो. त्यातून जे समजले ते साध्या शब्दांत मांडतो.

पाठीच्या कण्यात मज्जारज्जू असतो व त्याभोवती आवरण असते. त्या आवरणाच्या बाहेरच्या पोकळीत औषध सोडणे, ही एपिड्युरल भूल. स्पेनमधील फिदेल पाखेस या लष्करी शल्यवैद्याने १९२१ मध्ये कमरेतून भूल देण्याची ही रीत प्रसिद्ध केली. पुढे तेथे बारीक नळी ठेवण्याची सोय झाली, आणि शस्त्रक्रियेनंतरही औषध देता येऊ लागले. मुख्य औषध ब्युपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन. ते वेदनेचा निरोप वाटेतच अडवते. पण सारा भार त्या एकट्यावर टाकला तर मात्रा वाढवावी लागते. मग पाय फार जड होतात, रक्तदाब उतरतो. म्हणून त्याला जोडीदार द्यावयाचा.

पहिले जोडीदार अफूच्या जातीचे, मॉर्फिन आणि फेंटानिल. निरोप मज्जारज्जूपर्यंत पोहोचला तरी तेथे तो घेतला जाऊ नये, अशी व्यवस्था ते करतात. फेंटानिल लवकर लागू पडते, पण काही तासांतच ओसरते. मॉर्फिन सावकाश चढते व दिवसभरही पुरते. दोहोंनी अंगाला खाज सुटते, मळमळते. मॉर्फिनचा मोठा धोका असा की, श्वास मंदावणे कित्येक तासांनंतरही घडू शकते. दुपारी शस्त्रक्रिया झालेल्या बाईवर ही वेळ मध्यरात्री येऊ शकते.

दुसरी जोडी क्लोनिडीन आणि डेक्समेडेटोमिडीन यांची. क्लोनिडीन मुळात रक्तदाबाचे औषध. डेक्समेडेटोमिडीन रुग्णाला शांत ठेवण्यासाठी शिरेतून देण्याचे. यांनी खाज सुटत नाही, श्वासाला धोकाही कमी. पण नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, गुंगी येते. २०११ साली पंजाबातून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात योनिमार्गे गर्भाशय काढलेल्या ५० स्त्रियांमध्ये या दोहोंची तुलना झाली. त्यात डेक्समेडेटोमिडीनने भूल लवकर चढली आणि वेदनेपासून आराम अधिक काळ टिकला.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अफूच्या जातीच्या औषधांवर १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याची बंधने आहेत. २०१४ च्या दुरुस्तीने परवान्यांची गुंतागुंत कमी केली, तरी कुलूप आणि नोंदवही सुटलेली नाही. दुसऱ्या जोडीला हा जाच नाही. म्हणून औषधाची निवड केवळ शास्त्रावर ठरते असे नाही. कपाटात काय आहे, यावरही ती ठरते.

मग श्रेष्ठ कोण? सर्वांना सरसकट लागू पडेल असे उत्तर नाही. जिची नाडी मुळातच मंद आहे, तिला डेक्समेडेटोमिडीन जपून द्यावे लागते. जिला झोपेत श्वास अडकण्याचा विकार आहे, तिला मॉर्फिन जपून. पण एक गोष्ट सर्व औषधांना लागू आहे. ज्या औषधाचा अंमल रात्रभर राहतो, त्यावर रात्रभर लक्ष ठेवणारे माणूसही हवे. एका परिचारिकेकडे भरलेला वॉर्ड सोपवून लांब पल्ल्याचे औषध देणे म्हणजे, मालाची ऑर्डर वाढवून पाळीतली माणसे कमी करणे होय! रात्रपाळीतील परिचारिकांची मागणी ही केवळ त्यांच्या सोयीची मागणी नसते. खाटेवरच्या बाईच्या श्वासाशी तिचा संबंध असतो.

तेव्हा आपल्या घरातील स्त्रीवर अशी शस्त्रक्रिया व्हावयाची असेल, तर भूलतज्ज्ञांना तीन प्रश्न नम्रपणे पण जरूर विचारा. जोडीला कोणते औषध देणार? त्याचा अंमल किती तास राहील? आणि त्या तासांत तिचा श्वास, नाडी व रक्तदाब कोण पाहणार? आधीचे विकार आणि चालू गोळ्या न विचारताही सांगा. चांगल्या डॉक्टरला अशा प्रश्नांचा राग येत नाही.