गोजिरा : पुन्हा पाहताना

इशिरो होंडा यांचा १९५४ सालचा ‘गोजिरा’, म्हणजे आपला गॉडझिला, तरुणपणी पाहिला तेव्हा लक्षात राहिले ते टोकियो तुडवणारे अजस्र जनावर. साठी उलटल्यावर पुन्हा पाहिला आणि नजर इस्पितळातल्या प्रसंगावर खिळली. एका लेकरापाशी किरणोत्सर्ग मोजण्याचे यंत्र धरतात. ते कडकडू लागते आणि धरणारा मुकाट्याने मान हलवतो. डॉक्टराला त्या मानेचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

हे हवेतून आलेले नव्हते. त्याच वर्षी १ मार्चला अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या जपानी मासेमारी नौकेवरील २३ जणांवर किरणोत्सर्गी राख पडली. सप्टेंबरात त्यांतला एक दगावला. ३ नोव्हेंबरला चित्रपट लागला. त्याची सुरुवातही बोट बुडण्यानेच होते.

शेवटी डॉ. सेरिझावा आपल्या शोधाने गोजिराला मारतात. पण त्याचे पुढे अस्त्र होऊ नये म्हणून कागद आधीच जाळतात आणि स्वतःही समुद्रतळीच राहतात. काय द्यावे हे आम्ही शिकतो. काय कोणाच्याच हाती देऊ नये, हे कळणे त्याहून अवघड.